फ्लोरेन्स: आधी वीटकाम, मग चित्रं

फ्लोरेन्सला जाणारे बहुतेक प्रवासी पहिल्याच सकाळी उफ्फीझी संग्रहालयाच्या रांगेत उभे राहतात. पंधरा-वीस दालनं झाली की पाय बोलायला लागतात, मेरी आणि बाळ येशूची चित्रं एकमेकांत मिसळायला लागतात, आणि बोत्तिचेल्लीच्या व्हीनससमोर पोचेपर्यंत माणूस फक्त बाक शोधत असतो. दोष चित्रांचा नाही, क्रमाचा आहे. उफ्फीझी शेवटच्या दिवसासाठी ठेवा.

मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला स्थापत्य अभियंता. चित्रांचा नाद बायकोचा, विटांचा माझा. दोघांचं जमावं म्हणून आम्ही एक क्रम ठरवला आणि तोच मी आता जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: आधी इमारती, मग त्या इमारतींच्या भिंतींवर आजही जागच्या जागी असलेली चित्रं, आणि अगदी शेवटी उचलून आणून संग्रहालयात मांडलेली.

याला कारण आहे. रेनेसाँच्या, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळाच्या, चित्रकारांनी सपाट भिंतीवर खोली दाखवायला जी भूमिती वापरली, ती आधी बांधकामावरच्या माणसाच्या डोक्यात शिजली. फिलिप्पो ब्रुनेलेस्की. कॅथेड्रलच्या मुख्य दारात उभं राहून त्याने समोरच्या अष्टकोनी बाप्तिस्मागृहाचं चित्र एका फळीवर काढलं, फळीला भोक पाडलं, आणि मागून त्या भोकाला डोळा लावून समोर धरलेल्या आरशात चित्र बघायला सांगितलं. आरसा बाजूला केला की खरी इमारत, धरला की चित्रातली, आणि दोन्ही जुळत होत्या. ते दार आणि ती अष्टकोनी इमारत दोन्ही तिथेच आहेत. त्यामुळे त्या माणसाच्या कमानी आधी पायी फिरून बघितल्या, की पुढची चित्रं वाचता येतात.

जाण्याआधी

पाच पूर्ण दिवस ठेवा. जुलै-ऑगस्ट टाळा, दगडी गल्ल्या तापतात आणि सावली मिळत नाही. एप्रिल, मे, सप्टेंबरमध्ये हवा छान आणि गर्दी तुफान. माझी पसंती नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी. थंडी असते, पाऊस भेटतो, पण चॅपेलमध्ये चित्रासमोर धक्के न खाता उभं राहता येतं. २५ डिसेंबरला मोठी संग्रहालयं सहसा बंद असतात.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तो लवकर करा. व्हिसा हातात आला की तीन गोष्टींचं आरक्षण लगेच करायचं: कॅथेड्रलच्या घुमटावर चढण्याची वेळ, ब्रांकाच्ची चॅपेल आणि उफ्फीझी. मायकलअँजेलोचा डेव्हिड असलेल्या अकादेमिया संग्रहालयात जायचं असेल तर तेही. तिकिटं संग्रहालयांच्या अधिकृत संकेतस्थळावरच घ्या. हुबेहूब अधिकृत दिसणारी दलालांची संकेतस्थळं शोधयंत्रात बऱ्याचदा वर येतात आणि त्याच तिकिटाला बरेच जास्त पैसे लावतात. उफ्फीझी आणि अकादेमिया सोमवारी बंद, तेव्हा सोमवार चर्चेस आणि इमारतींसाठी राखून ठेवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात. ऐकायला बरं वाटतं, पण सगळं शहर तिथे लोटतं. मी त्या दिवशी नदीकाठी फिरेन.

रोमहून वेगवान गाडी दीड तासात सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवर उतरवते. मोटार भाड्याने घेऊ नका. जुन्या शहरात परवान्याशिवाय गाडी घातली की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची नोटीस यथावकाश घरी पोचते. जुनं शहर सपाट आणि लहान आहे, स्टेशनपासून कॅथेड्रल दहा मिनिटांवर. राहायला आर्नो नदीच्या दक्षिणेचा ओल्त्रार्नो भाग बघा, तिथे अजून लाकूडकाम आणि सोनेरी मुलाम्याच्या कारागिरांची दुकानं आहेत. खोली घेताना लिफ्ट आहे का ते स्पष्ट विचारा. पाचशे वर्षांच्या घरात तिसरा मजला म्हणजे सामानासकट चांगलीच चढाई होते.

पिशवीत लहान दुर्बीण हवी. ही चैन नव्हे. फ्रेस्को, म्हणजे भिंतींवरची चित्रं, चढतात १०-१५ मीटर उंच, आणि मान मोडून काही दिसत नाही. ५० सेंट आणि एक युरोची नाणी साठवा, काही चर्चमध्ये नाणं टाकल्यावरच चित्रावरचा दिवा लागतो. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, एक ओढणी किंवा उपरणं पुरतं. बूट जाड तळव्याचे. चर्चेस अनेकदा दुपारी काही तास बंद राहतात आणि रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा सकाळ लवकर सुरू करून दुपारी जेवण आणि विश्रांती असा दिवस आखावा.

पहिला दिवस एका ओसरीत

कॅथेड्रलकडे पाठ करा आणि सांतिस्सिमा अनुन्झियाता चौकात जा. तिथे ओस्पेदाले देल्यी इनोचेन्ती आहे, टाकून दिलेल्या बाळांसाठी रेशीम व्यापाऱ्यांच्या गिल्डने, म्हणजे व्यवसाय-संघाने, बांधलेलं अनाथालय. काम १४१९ मध्ये सुरू झालं, पहिलं बाळ १४४५ मध्ये आलं. समोरची कमानींची ओसरी ब्रुनेलेस्कीची. चौकात उभं राहून बघायला काही तिकीट नाही.

पायऱ्यांवर बसा आणि मोजा. खांबाची उंची, दोन खांबांमधलं अंतर आणि खांबापासून मागच्या भिंतीपर्यंतची खोली, तिन्ही मापं सारखी: फ्लोरेन्सच्या हिशेबाने १० हात. तिथला हात साधारण ५८ सेंटिमीटरचा. म्हणजे प्रत्येक खण हा एक घन, आणि त्यावर अर्धवर्तुळाची कमान. करडा वालुकाश्म जिथे रेघ हवी तिथे, बाकी पांढरा गिलावा. इतकंच. गॉथिक चर्चच्या टोकदार कमानींनंतर हे बघितलं की बांधकामावर कोणीतरी कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसलं होतं हे कळतं. कमानींमध्ये लोखंडी ताण-सळ्या दिसतील. बारीक खांबांवर कमानी टेकवल्या की त्या बाहेर रेटा देणारच, आणि खांब एवढे सडपातळ ठेवायचे तर तो रेटा कुठेतरी बांधून घ्यावा लागतो. बऱ्याच पर्यटकांना सळ्या खटकतात. मला त्या प्रामाणिक वाटतात.

कमानींच्या वरच्या गोलांत निळ्या पार्श्वभूमीवर दुपट्यात गुंडाळलेली बाळं आहेत, आंद्रेआ देल्ला रोब्बियाने चकाकी दिलेल्या मातीत घडवलेली, १४८७ च्या सुमाराची. ओसरीच्या डाव्या टोकाला ती खिडकी आहे जिथे आया बाळ ठेवून जात. ती १८७५ मध्ये बंद झाली.

इथून दहा मिनिटांवर सान लोरेन्झो चर्च. बाहेरून ओबडधोबड दगडविटांची भिंत, दर्शनी भाग कधी झालाच नाही. मायकलअँजेलोने आराखडा केला होता, तो कागदावर आणि लाकडी नमुन्यात राहिला. आत शिरा म्हणजे सकाळचा तोच करडा-पांढरा हिशेब आता छताखाली दिसेल. मध्यभागी उभे राहा आणि फरशीवरच्या रेघा बघा, त्या खांबांच्या रेघांशी जुळतात. डावीकडची जुनी साक्रिस्ती (पूजासाहित्याची खोली) चुकवू नका: चौकोनी खोली, वर घुमट, आणि दोनातेल्लोची चुनेगच्चीतली शिल्पं. आवारातलं वाचनालय उघडं असेल, बहुधा सकाळीच असतं, तर मायकलअँजेलोचा जिना बघा. जिन्याच्या खोलीत खांब भिंतीत खोचलेत आणि खाली टेकू फक्त ब्रॅकेटसारख्या दगडांचा. ब्रुनेलेस्कीने नियम बसवले आणि शंभर वर्षांत मायकलअँजेलो ते मोडून दाखवतोय, हे एकाच आवारात दिसतं.

घुमट

आपल्याकडे कमान बांधायची म्हणजे आधी सेंटरिंग. खाली लाकडाचा साचा उभारायचा, त्यावर वीटकाम करायचं, चुना धरला की सेंटरिंग काढायचं. फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट ४५ मीटरच्या आसपास रुंद आहे आणि सुरूच होतो जमिनीपासून ५० मीटरहून अधिक उंचीवर. तेवढ्या सेंटरिंगला लाकूड आणायचं कुठून आणि ते आपल्याच वजनाने वाकणार नाही याची हमी कोण देणार? चर्च उभं होतं, वर भलंमोठं भोक होतं, आणि बाहेरून टेकू द्यायचे नाहीत हे आधीच्या पिढीने ठरवून ठेवलं होतं. १४२० मध्ये ब्रुनेलेस्कीने काम सुरू केलं, तेही सेंटरिंगशिवाय. १४३६ मध्ये घुमट मिटला.

तर चढा. पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही, काही ठिकाणी जिना खांद्याएवढा रुंद. दिवसाची पहिली वेळ घ्या आणि ठरलेल्या वेळेच्या आधी पोचा, उशीर झाला तर आत सोडत नाहीत. हृदयाचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल, बंद जागेची भीती असेल, तर हा हट्ट सोडा.

वाटेत एका ठिकाणी तुम्ही घुमटाच्या आतल्या कठड्यावर येता आणि अंतिम न्यायाचं चित्र हाताशी येतं. चित्रकार-वास्तुकार वसारीने सुरू केलं, झुक्कारीने १५७९ मध्ये संपवलं. खरं सांगायचं तर मला ते चित्र खालूनच बरं वाटतं. खरी गंमत पुढे आहे. घुमट दोन कवचांचा आहे आणि तुम्ही त्या दोन कवचांच्या मधून चढता. इथे घाई करू नका, मागच्यांना पुढे जाऊ द्या आणि भिंतीकडे बघा. आडव्या थरात ठरावीक अंतरावर एकेक वीट उभी लावलेली दिसेल. वरच्या थरात ती उभी वीट शेजारी सरकते, त्यामुळे मळसूत्रासारखी तिरकी रेघ वर चढत जाते. दोन उभ्या विटांच्या मध्ये आडव्या विटा चिमट्यात धरल्यासारख्या अडकतात आणि आतल्या बाजूला कललेल्या असूनही चुना ओला असताना घसरत नाहीत. प्रत्येक थर पूर्ण झाला की त्याचं कडं बनतं, आणि कडं स्वतःच स्वतःला धरतं. म्हणून सेंटरिंग लागलं नाही. शिवाय दगडी आणि लाकडी साखळ्या घुमटाच्या पोटात आडव्या गुंडाळल्या आहेत, तो बाहेर फुगू नये म्हणून. घुमटाला जुन्या भेगा आहेत आणि त्यांवर मोजमापाची यंत्रं बसवलेली आहेत.

वर पोचल्यावर सगळे लाल कौलांचे फोटो काढतात, तुम्हीही काढा.

खाली आल्यावर दोन गोष्टी. घुमटाच्या पायथ्याशी, अष्टकोनाच्या आठ बाजूंपैकी एकाच बाजूला संगमरवरी सज्जा आहे, बाकी सात बाजू उघड्या खरखरीत. सज्जाचं काम मध्येच थांबलं. मायकलअँजेलोने त्याला रातकिड्यांचा पिंजरा म्हटल्यामुळे थांबलं असं सांगतात. आणि कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला फरशीत पांढरा संगमरवरी गोल शोधा. १६०० मध्ये वीज पडून शिखरावरचा सोनेरी गोळा तिथे खाली आला होता. माणसं त्यावरून चालत जातात, कोणी खाली बघत नाही.

घुमटाच्या तिकिटातच कॅथेड्रलचं संग्रहालय येतं आणि बरेच जण ते सोडतात. सोडू नका. गिबर्टीने १४२५ ते १४५२ अशी २७ वर्षं खपून केलेलं, सोन्याचा मुलामा दिलेलं कांशाचं दार मूळ रूपात इथे आहे, बाप्तिस्मागृहाला आता लावलेली प्रत आहे. दोनातेल्लोची लाकडी मॅग्दालेना इथे आहे, मायकलअँजेलोचा उतारवयातला, त्याने स्वतःच फोडलेला पिएता (मृत येशूला सावरणाऱ्यांचं शिल्प) इथे आहे. आणि माझ्यासारख्यांसाठी घुमटाच्या कामावरच्या कप्प्या आणि अवजारं. सामान वर न्यायला ब्रुनेलेस्कीने बैलांवर चालणारा रहाट केला होता. बैल एकाच दिशेला फिरत राहायचे आणि दात्यांची चाकं बदलून ओझं वर किंवा खाली जायचं. बैल जुंपणं-सोडणं वाचलं म्हणजे दिवसाचे किती तास वाचले हे साइटवर काम केलेला माणूसच सांगेल. संगमरवर नदीतून आणायला त्याने एक बोटही केली आणि १४२१ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. बोट माल घेऊन बुडाली. १४३४ मध्ये, घुमट जवळजवळ पूर्ण होत असताना, गवंडी-सुतारांच्या गिल्डची वर्गणी भरली नाही म्हणून त्याला तुरुंगातही टाकलं होतं! काही दिवसांनी सोडलं. खात्यात अशा फायली मी बघितल्यात.

ज्यांना चढायचं नाही त्यांनी याच संग्रहालयाच्या वरच्या गच्चीवरून घुमट बघावा. बायको तिथेच बसली होती, चित्रवही घेऊन, आणि तिला माझ्यापेक्षा घुमट जास्त दिसला असं तिचं म्हणणं आहे.

ओल्या गिलाव्यावरची चित्रं

फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर काढलेलं चित्र. गिलावा ओला असेपर्यंत रंग लावायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड होतो आणि रंग त्यात कायमचा अडकतो. म्हणून चित्रकार एका दिवसात रंगवता येईल तेवढाच गिलावा करवून घ्यायचा. तिरका उजेड असेल तर दोन दिवसांच्या गिलाव्याचा सांधा दिसतो. चेहऱ्याभोवती असा सांधा दिसला, तर तो चेहरा हे त्या दिवसाचं काम.

सुरुवात सांता मारिया नोव्हेल्ला चर्चपासून करा. बाहेरून दर्शनी भागाचा वरचा भाग अल्बेर्तीचा, वर १४७० साल आणि पैसे देणाऱ्या रुचेल्लाईचं नाव मोठ्या अक्षरांत. दोन बाजूंच्या शंखाकृती वेलांट्या शोभेच्या दिसतात, पण त्या बाजूच्या उतरत्या छपरांना झाकायला आहेत. आत डाव्या बाजूच्या भिंतीवर मसाच्चोचं त्रिमूर्ती, साधारण १४२७ चं. फार जवळ जाऊ नका. मागे सरका, समोर या, आणि क्रुसाच्या पायथ्याच्या पातळीवर नजर ठेवा. सगळ्या तिरक्या रेघा तिथे, तुमच्या डोळ्यांच्या उंचीला मिळतात. भिंतीत एक खोल चॅपेल खोदलंय असं वाटायला लागेल, आणि त्याची कमान, खांब, चौकटींचं छत ओळखीचं वाटेल, कारण पहिल्या दिवशी तुम्ही तेच बघितलंय. खाली हाडांचा सापळा आहे आणि त्यावर ‘तुम्ही आज जे आहात ते मी होतो’ अशा अर्थाची ओळ. सोळाव्या शतकात वसारीने या चित्रापुढे नवी वेदी बसवली, पण चित्र खरवडलं नाही. ते मागे लपून राहिलं आणि एकोणिसाव्या शतकात सापडलं. मुख्य वेदीमागच्या चॅपेलमध्ये गिरलांदायोच्या भिंती आहेत, तिथे दुर्बीण काढा. मेरीच्या जन्माच्या प्रसंगात भेटायला आलेल्या बायका फ्लोरेन्सच्या श्रीमंत घरातल्या आहेत, आणि त्यांच्या रेशमाचं नक्षीकाम दिसतं. हे काम चालू असतानाच कोवळा मायकलअँजेलो गिरलांदायोकडे उमेदवारीला होता.

नंतर नदी ओलांडून ब्रांकाच्ची चॅपेल. माझ्या मते या शहरात एकच चित्र बघायला वेळ असेल तर इथे यावं. आरक्षण करावं लागतं, थोडी माणसं सोडतात, वेळ मोजून देतात. म्हणून आत जाण्याआधी काय बघायचं ते ठरवा. मी हा क्रम सांगेन.

आधी प्रवेशाच्या दोन खांबांवरचे आदम-ईव्ह, समोरासमोर. उजवीकडे मासोलिनोचे: सुंदर, शांत, हवेत तरंगल्यासारखे. डावीकडे मसाच्चोचे, स्वर्गातून हाकललेले: आदमने तोंड झाकलंय, ईव्ह मान वर करून ओरडतेय, आणि पाय जमिनीवर घट्ट आहेत, मागे सावली पडलीय. दोघं एकाच परांचीवर, १४२४ नंतरच्या त्याच दोन-चार वर्षांत काम करत होते. मग डाव्या भिंतीवरचं कराचं नाणं. मध्यभागी वसुलीवाला पैसे मागतोय, डावीकडे येशूचा शिष्य पीटर माशाच्या तोंडातून नाणं काढतोय, उजवीकडे ते देतोय. तीन प्रसंग एका चौकटीत. सावल्या कोणत्या बाजूला पडतात बघा. चित्रातला उजेड चॅपेलच्या खऱ्या खिडकीच्या दिशेने येतो. वेदीच्या डावीकडे पीटर रस्त्याने चालतोय आणि त्याची सावली पडून आजारी उठतायत. सावली हेच चित्राचं कथानक झालंय. मसाच्चो १४२८ मध्ये वारला, वय २७ च्या आत. राहिलेला भाग पन्नासेक वर्षांनी फिलिप्पिनो लिप्पीने पूर्ण केला, आणि इतक्या सभ्यपणे की जोड शोधावा लागतो. आदम-ईव्हला मध्यंतरी कोणीतरी पानं चिकटवली होती, ती १९८० च्या दशकातल्या सफाईत निघाली.

सान मार्को मठ सकाळीच, दुपारी लवकर बंद होतो. जिना चढताना मान वर ठेवा, शेवटच्या वळणावर फ्रा अँजेलिकोचा देवदूत समोर येतो. मग भिक्षूंच्या कोठड्या: प्रत्येकीत एक लहान खिडकी आणि एक फ्रेस्को, बस. हे चित्र पाहुण्यांसाठी नव्हतं, एका माणसाने आयुष्यभर एकट्याने बघायचं होतं. प्रत्येक कोठडीत डोकावून पुढे पळण्यापेक्षा दोन निवडा आणि उंबऱ्याशी थांबा. जवळच सांतापोलोनियाच्या भोजनगृहात कास्तान्योचं शेवटचं भोजन आहे, १४४७ चं. प्रवेश फुकट, गर्दी जवळजवळ नाही. रंगवलेल्या संगमरवराच्या फळ्यांपैकी एक नेमकी येशू आणि जुडासच्या वर खवळलेली आहे, बाकीच्या शांत.

सांता त्रिनिता चर्चमध्ये सास्सेत्ती चॅपेलला नाणं टाका. गिरलांदायोने मेलेलं मूल जिवंत होण्याचा प्रसंग याच चर्चसमोरच्या चौकात दाखवलाय, मागे पूल आहे. बाहेर या आणि त्या पुलावर जा. चित्रातला जुना पूल वाहून गेला, आताचा अम्मान्नातीचा, १५६९ चा. त्याच्या कमानी इतक्या चपट्या की मला आधी त्यांत काँक्रीट असल्याचा संशय आला. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो उडवला. नदीतून दगड काढून तो १९५८ मध्ये पुन्हा बांधला. पुलावरच्या वसंत ऋतूच्या पुतळ्याचं डोकं मात्र १९६१ मध्ये सापडलं. वेक्यो पूल जर्मनांनी न उडवता सोडला होता, म्हणून गर्दी तिकडे. तो बघायचा तर या पुलावरून बघा.

मूर्ती

ओरसानमिकेले या धान्यकोठारवजा चर्चच्या बाहेर कोनाड्यांत गिल्डांनी बसवलेल्या मूर्ती आहेत, आता प्रती. मूळ बहुतेक वरच्या मजल्यावर. दोनातेल्लोचा सेंट जॉर्ज बार्जेल्लो संग्रहालयात आहे, आणि बार्जेल्लोला जायचं आणखी एक कारण: १४०१ च्या बाप्तिस्मागृहाच्या दाराच्या स्पर्धेतले कांशाचे दोन पत्रे शेजारी-शेजारी. विषय एकच, इसाकचं बलिदान. ब्रुनेलेस्कीच्या पत्र्यात नाट्य जास्त, पण तुकडे वेगवेगळे ओतून पाटावर ठोकलेले. गिबर्टीने जवळजवळ सगळं एकसंध ओतलं आणि सुमारे ७ किलो कांसं वाचवलं. टेंडर कोणाला मिळालं हे वेगळं सांगायला नको.

अकादेमियात डेव्हिड आहे, ५.१७ मीटर, १५०१ ते १५०४ मध्ये कोरलेला, आधीच्या शिल्पकारांनी बिघडवून टाकून दिलेल्या दगडातून. बघाच. पण त्याच्याकडे जाणाऱ्या मार्गिकेतले अर्धवट कोरलेले ‘कैदी’ पुतळे जास्त वेळ बघा, दातेरी छिन्नीच्या रेघा अजून ताज्या आहेत.

खाणं, थोडक्यात

शाकाहारी माणसाचं इथे चांगलं चालतं. रिबोल्लिता म्हणजे घेवडा, काळी कोबी आणि शिळा पाव यांचं घट्ट सूप. पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोत शिजवलेला पाव. मात्र सूप मांसाच्या रश्श्यात आहे का ते विचारा: ‘सेन्झा कार्ने?’ तोस्कानाचा पाव बिनमिठाचा असतो, पहिल्या घासाला दचकू नका. बिलात माणशी ‘कोपेर्तो’ लावतात, ती फसवणूक नाही, बसण्याचा आकार आहे. कॉफी उभ्याने घेतली तर स्वस्त.

आता उफ्फीझी

इमारत १५६० मध्ये वसारीने सरकारी कचेऱ्यांसाठी सुरू केली, त्यामुळे मला ती आपलीच वाटते. इथलं सगळं आजही फ्लोरेन्समध्ये आहे याचं श्रेय आन्ना मारिया लुईझा या राज्यकर्त्या मेदिची घराण्यातल्या शेवटच्या बाईचं. १७३७ मध्ये तिने करार केला की घराण्याचा संग्रह शहराबाहेर जाणार नाही.

दुपारनंतरची वेळ घ्या आणि सहा-सात थांबेच ठरवा. जिओत्तोची मादोन्ना, शेजारी चिमाबुएची. मसाच्चोच्या आधी शंभर वर्षं वजन कुठून यायला लागलं ते या दोघींत दिसतं. पिएरो देल्ला फ्रांचेस्काचे उर्बिनोचे ड्यूक आणि डचेस, त्यांच्या मागच्या बाजूसकट. बोत्तिचेल्लीचं दालन, पण तिथे गर्दीच्या मागे उभं राहून व्हीनसपेक्षा ‘प्रिमावेरा’तली पानंफुलं दुर्बिणीने बघा. लिओनार्दोचं अर्धवट सोडलेलं ‘ज्ञानी पुरुषांचं वंदन’, ज्यात मागच्या जिन्यांची भूमिती उघडी दिसते. आणि मायकलअँजेलोने दोनी कुटुंबासाठी काढलेलं गोल चित्र. नंतर पाय सांगतील तेवढंच.

एक दिवस उरला तर

सगळे पिसाला जातात. मनोरा मऊ जमिनीमुळे कललाय, ते फोटोतही दिसतं. तुम्ही प्रातोला जा, लोकल गाडीने अर्ध्या तासाच्या आत. कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्या, नाहीतर तपासनीस दंड करतो. पोर्ता अल सेर्राल्यो स्टेशनवर उतरलात तर कॅथेड्रल जवळ पडतं. त्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात चौकाच्या वर लटकलेला गोल प्रवचनमंच आहे, दोनातेल्लो आणि मिकेलोत्सोचा. नाचणाऱ्या मुलांच्या पट्ट्या आता प्रती, मूळ शेजारच्या संग्रहालयात. आत फिलिप्पो लिप्पीच्या भिंतींवर सालोमे नाचतेय. मग सांता मारिया देल्ले कार्चेरी चर्च बघा, जुलियानो दा सांगाल्लोने १४८५ मध्ये सुरू केलेलं. चारही हात सारखे असलेल्या क्रुसाचा आराखडा, मधोमध घुमट, आणि आत पुन्हा तोच करडा दगड आणि पांढरा गिलावा. बाहेरचं संगमरवरी आवरण वरच्या भागात अपुरं राहिलंय, त्यामुळे आवरणाखालची भिंत कशी बांधली तेही दिसतं.